क्रूड बासष्टवर, पेट्रोल एकशेचारवर: मग स्वस्त झालं ते कोणासाठी?

फुटाळाकाठ
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८.४०

काल संध्याकाळी बाबांसोबत अमरावती रोडवर पेट्रोल भरायला थांबलो. बाबा ७६ वर्षांचे, पेपर अगदी निविदा सूचनांसकट वाचतात. मशीनवरचा आकडा फिरत होता तेवढ्यात त्यांनी पंपावरच्या पोराला विचारलं, "काय रे, तेल बासष्ट डॉलरवर आलं ना? मग हे काय?" पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, डॉलरमध्ये देता का? मग मालकाला विचारतो."

घरी येऊन हिशेब मांडला. एका पिंपात १५९ लिटर. ब्रेंट (ज्यावरून जगातला कच्च्या तेलाचा भाव मोजतात ते तेल) पिंपाला बासष्ट-त्रेसष्ट डॉलर, आणि शुक्रवारी रुपया पहिल्यांदाच ८९ च्या पार गेला. म्हणजे कच्चं तेल पडलं लिटरला साधारण पस्तीस रुपये. जून २०१४ मध्ये तेच तेल ११२ डॉलरच्या आसपास होतं, पण डॉलर होता साठ रुपयांचा. म्हणजे लिटरला बेचाळीस. तिकडे डॉलरमध्ये भाव निम्म्याजवळ आला, इकडे आपल्या रुपयांत बेचाळिसाचे फक्त पस्तीस झाले. तेव्हा दिल्लीत पेट्रोल एकाहत्तरच्या घरात होतं. आज नागपुरात एकशेचार. १५ मार्च २०२४ ला दोन रुपये उतरले, त्यानंतर हालचाल आहे ती पैशांतली.

यावर रडगाण्याचे धागे इथे पुष्कळ झालेत, तो माझा विषय नाही. मला वेगळीच गंमत दिसतेय. मागच्या वर्षी आम्ही गच्चीवर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं, ७८,००० ची सबसिडी मिळाली. पाठोपाठ बायकोनं विजेवरची स्कूटर घेतली. पेट्रोल सत्तर रुपये असतं तर स्कूटर घेतली असती का? मी तरी नसती घेतली. म्हणजे सरकारनं स्वतःच्या तिजोरीसाठी कराची जी भिंत बांधलीय, तिच्याच सावलीत ही विजेवरची वाहनं वाढताहेत. असं कोणी ठरवून केलेलं नाही, होऊन बसलंय. जगात तेल स्वस्त झालं की पर्यायी ऊर्जा मार खाते असं आपण वाचत आलो. आपल्याकडे ते स्वस्त तेल पंपापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे मारही बसत नाही.

तोडा माझा मुद्दा.


तर्रीपोहे
२३ नोव्हेंबर, ९.१५

भाऊ, पंपावरच्या त्या पोराले अर्थमंत्री करा बे कोणीतरी.

बाकी मले एक सांगा. तेल महाग झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी भाव वाढते आणि स्वस्त झालं की वर्षभर "अभ्यास सुरू हाय". हा अभ्यास कोण करून राह्यलं?


सीए_धरमपेठ
२३ नोव्हेंबर, ११.०२

फुटाळाकाठ, हिशेब चांगला मांडलात. एकशेचारची फोड मी करते, मोघमच.

कच्चं तेल पस्तीस. त्यावर वाहतूक, शुद्धीकरण, कंपन्यांचा नफा वगैरे धरून डीलरला मिळतं ते बावन्न-त्रेपन्नला. डीलरचं कमिशन चार-साडेचार. केंद्राचं उत्पादन शुल्क २१.९०. मग आपल्या राज्याचा २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५.१२ रुपये, दोन्ही मिळून पंचविसाच्या आसपास. बेरीज करा, एकशेचारच्या जवळ येता.

म्हणजे कच्च्या तेलापेक्षा कर जास्त, हे खरं. पण ही भिंत एका दिवसात उभी राहिलेली नाही आणि एकट्या दुकट्या सरकारनंही बांधलेली नाही. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात तेल घसरत असताना उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढलं, पेट्रोलवर एकूण ११.७७ आणि डिझेलवर १३.४७. मे २०२० मध्ये टाळेबंदीत तेल मातीमोल झालं तेव्हा एका रात्रीत पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये बरंचसं कमी केलं. या एप्रिलमध्ये परत दोन रुपये वाढवले, फक्त ते पंपावर दिसले नाहीत कारण कंपन्यांनी सोसले. आणि राज्याचा व्हॅट कोणत्याही पक्षाच्या काळात गोडच लागलाय.

जानेवारी २०१६ ची गंमत आठवते का? ब्रेंट अठ्ठावीस डॉलरच्या खाली. लिटरला बारा रुपये! बाटलीतलं पाणी महाग होतं. तरी दिल्लीत पेट्रोल साठच्या आसपास.


पेठेतला
२३ नोव्हेंबर, १२.३०

कर घेतात म्हणून ओरडायचं आणि त्याच पैशातून झालेल्या रस्त्यांवरून फिरायचं. नागपूरकरांनी तर बोलूच नये, तुमच्याकडे उड्डाणपुलावर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो आहे.

दुसरं, २०२२ मध्ये तेल एकशेवीसच्या वर गेलं होतं तेव्हा कंपन्यांनी भाव रोखून तोटा खाल्ला, हे सोयीस्करपणे विसरलात. स्वयंपाकाच्या गॅसचा तोटा भरून द्यायला आत्ता ऑगस्टमध्ये केंद्रानं तीस हजार कोटी मंजूर केले, ते कुठून आले?


तर्रीपोहे
२३ नोव्हेंबर, १२.४१

उड्डाणपुलाखाली या एकदा दादा, संध्याकाळी सहाले. मग पेट्रोल कसं जळते ते दाखवतो.


जुना_मास्तर
२३ नोव्हेंबर, १६.२०

मी इतिहास शिकवायचो, त्यामुळे जरा मागे नेतो. कंटाळा आला तर खाली सरका.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत भाव चौपट झाला, तीन डॉलरचा बारा. अमेरिकेत पंपांपुढे रांगा लागल्या. त्या धक्क्यातून पर्यायी ऊर्जा हा शब्द घरोघरी गेला. जिमी कार्टर यांनी १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छतावर सौर पॅनेल बसवली. मग १९८६ उजाडलं. सौदीचे तेलमंत्री शेख यामानी यांनी इतरांसाठी उत्पादन रोखून धरायचा कंटाळा येऊन नळ सोडला. सत्तावीस-अठ्ठावीस डॉलरचं तेल दहाच्या आसपास आलं. त्याच वर्षी रेगन यांच्या काळात छतावरची ती पॅनेल उतरवली गेली. यामानींनाही त्याच वर्षी ऑक्टोबरात घरी बसवलं. आणि तेल विकून धान्य आणणाऱ्या सोव्हिएत संघाचा घसा कोरडा पडला. पाच वर्षांत तो संघच राहिला नाही. सगळं श्रेय तेलाला देत नाही, पण त्या खुर्चीचा एक पाय तिथे मोडला.

२७ नोव्हेंबर २०१४, व्हिएन्ना, ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेची बैठक. त्याच नाटकाचा दुसरा प्रयोग. सौदीचे मंत्री अल नईमी, उत्पादन कमी करायला नकार. हेतू असा की भाव पडला की अमेरिकेतले शेलवाले, म्हणजे शेल खडकातून तेल काढणारे, बुडतील. काही बुडाले. उरलेले स्वस्तात विहीर खणायला शिकले आणि आज अमेरिका जगात सगळ्यात जास्त तेल काढते, दिवसाला एक कोटी तीस लाख पिंपांच्या वर. सौदीला शेवटी रशियाशीच हातमिळवणी करावी लागली.

म्हणून फुटाळाकाठ यांना विचारतो: १९८६ मध्ये जे झालं ते पुन्हा होणार नाही हे कशावरून? तेल चाळीसवर गेलं आणि निवडणुकीच्या तोंडावर सरकारनं कर उतरवला, तर तुमची भिंत गेली. सावलीही गेली.


लोड_डिस्पॅच
२३ नोव्हेंबर, २१.०५

मास्तर, दंडवत. एक दुरुस्ती: कार्टर यांची ती पॅनेल वीज करत नव्हती, पाणी तापवत होती. आपल्या गच्चीवरच्या सोलर बंबाची आजी म्हणा.

आणि तिथेच खरी मेख आहे. मी औष्णिक केंद्रात तीस वर्षं काढली, आता निवृत्त. लोक तेल आणि सोलर एका तागडीत तोलतात. तेलापासून वीज कोण करतं? जगाच्या एकूण विजेत तेलाचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे तर नगण्य. सोलरची कुस्ती तेलाशी नाहीच, कोळशाशी आहे. आणि कोळसा व्हिएन्नात ठरत नाही, तो उमरेडला आणि वणीला ठरतो. नागपूरच्या उशाला कोराडीचे ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत, शेजारी खापरखेडा १३४० मेगावॉट. तेल शून्यावर आलं तरी तिथल्या चिमणीला काही कळणार नाही.

आता एक आतली गोष्ट, पेपरात येत नाही. पूर्वी संच एकदा लावला की फुल लोडवर झोपायचा. आता दुपारी बारा वाजता सगळीकडचं सोलर ओसंडतं, तेव्हा कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून निरोप येतो, बॅकडाऊन करा. ६६० चा संच साडेतीनशे-पावणेचारशेवर आणायचा. सूर्य कलला की लगेच उलटा निरोप, चढवा. बॉयलरच्या नळ्या रोज गरम-थंड होतात, त्या काही रबरी नाहीत. आणि लोड फारच खाली नेला की कोळशाची ज्योत डगमगते, मग ती टिकवायला काय मारतात? तेल! ऑइल सपोर्ट म्हणतात त्याला. म्हणजे सोलर वाढलं म्हणून कोळशाच्या भट्टीत तेलाची पिचकारी. मी कंट्रोल रूममध्ये बसून यावर पुष्कळ वेळा एकटाच हसलोय.

जुलैमध्ये जाहीर झालं की देशाची निम्मी स्थापित क्षमता आता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅस सोडून. बरोबर आहे. पण क्षमता म्हणजे गोठ्यातल्या गाई, युनिट म्हणजे दूध. दूध अजून सत्तर टक्क्यांच्या वर कोळशाचंच.


फुटाळाकाठ
२३ नोव्हेंबर, २१.५०

सर, हे भारी. गाई आणि दुधाचं ढापतोय.

म्हणजे माझ्या मुद्द्याचे दोन तुकडे करायला हवेत. गच्चीवरच्या सोलरला तेलाच्या भावाशी देणंघेणं नाही, ते महावितरणच्या बिलाकडे बघून बसवलं जातं. स्कूटरला मात्र आहे. भिंतीची सावली फक्त स्कूटरवर पडते.


सीए_धरमपेठ
२३ नोव्हेंबर, २२.१८

स्कूटरवरही फारशी नाही. हे बघा.

पेट्रोलची स्कूटर गावात पंचेचाळीसचा ॲव्हरेज देते. एकशेचार भागिले पंचेचाळीस, किलोमीटरला दोन रुपये तीस पैसे. विजेवरची शंभर किलोमीटरला चार्जिंगची गळती धरून चार युनिट खाते. युनिट दहा रुपये धरा, किलोमीटरला चाळीस पैसे. आता मास्तरांचं भयस्वप्न खरं करू, पेट्रोल साठ रुपये. तरी किलोमीटरला एक तेहतीस. तिप्पट महाग!

दुचाकीची लढाई संपलीय, तेल कितीही पडो. सत्तरला तुम्ही घेतली नसती म्हणता, ते हिशेब केला नसता म्हणून.


फुटाळाकाठ
२३ नोव्हेंबर, २२.२५

ताई, बायकोनं हा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. दोनदा.


वाडी_ट्रान्सपोर्ट
२४ नोव्हेंबर, ६.५०

स्कूटरवर देश चालत नाही साहेब. माझ्या सहा गाड्या आहेत, सगळ्या दहा चाकी. भरलेली गाडी लिटरला चार देते, घाटात त्याहून कमी. नागपूर-मुंबई आता समृद्धीनं आतबाहेर धरून साडेसातशे. म्हणजे एका फेरीला १९० लिटर डिझेल, नव्वद-एक्याण्णवच्या दरानं सतरा हजारांच्या वर. टोल वेगळा. डिझेल पाच रुपये उतरलं तर फेरीला साडेनऊशे वाचतात. सहा गाड्या, महिन्याला आठ-आठ फेऱ्या, करा हिशेब. तो पैसा म्हणजे माझ्या पोरीची फी आहे.

पर्यायी इंधनाचं म्हणाल तर नागपुरात सगळ्यांचे प्रयोग करून झालेत. ऑगस्ट २०१४ ला इथेनॉलची हिरवी बस आली. मे २०१७ ला विजेच्या टॅक्सी आल्या, देशात पहिला प्रयोग म्हणून. ड्रायव्हर चार्जिंगच्या रांगेत झोपा काढत. जुलै २०२१ ला गडकरी साहेबांनी द्रवरूप गॅसच्या पंपाचं उद्घाटन केलं. माझ्या साडूनं उत्साहानं दोन गाड्या गॅसवर करून घ्यायचं ठरवलं. सात महिन्यांत युक्रेनचं युद्ध. युरोपनं जगभरातला गॅस वाट्टेल त्या भावानं उचलला, आणि इथं साडूनं कोटेशन फाडून चुलीत टाकलं. पुतीन साहेबांना वाडीतल्या साडूचा पत्ता माहीत नव्हता, पण बाण बरोबर लागला.

जबलपूरला गाडी जायची असेल तर आजही मध्य प्रदेशच्या सीमेवरचं खवासा ओलांडायच्या आधी टाकी फुल. पलीकडे डिझेल आपल्याहून महाग. इतकंच आमचं जागतिक राजकारण.


पेठेतला
२४ नोव्हेंबर, १०.१०

वाडीवाल्यांचा प्रतिसाद आवडला. मान्य करतो, दुर्मीळ प्रसंग आहे.

पण रशियाचं अर्धंच सांगितलंत. युद्धाआधी आपण रशियाकडून दोन टक्केही तेल घेत नव्हतो, नंतर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घेऊ लागलो, सवलतीत. युरोपनं बहिष्कार टाकायचा, आपण ते तेल शुद्ध करायचं आणि त्याचं डिझेल युरोपलाच विकायचं. याला धंदा म्हणतात. मग ट्रम्प यांना राग आला आणि २७ ऑगस्टपासून आपल्या मालावर एकूण ५० टक्के शुल्क. ऑक्टोबरात रशियाच्या दोन मोठ्या कंपन्यांवर निर्बंध, ते परवाच्या शुक्रवारपासून लागू झाले. एरवी अशा बातमीनं तेल भडकलं असतं. भडकलं? उलट उतरलं. कारण ओपेक आणि मित्रमंडळींनी एप्रिलपासून नळ सोडलाय, आणि युक्रेनमध्ये तह होईल अशी कुजबुज आहे.

ट्रम्प यांचीही गंमतच आहे. एकीकडे "खणा, खणा" म्हणतात आणि दुसरीकडे तेल स्वस्त हवं म्हणतात. टेक्सासमध्ये नवी विहीर परवडायला पासष्टच्या आसपास भाव लागतो. बासष्टला कोण खणणार?


गडचिरोली_एक्सप्रेस
२४ नोव्हेंबर, १०.३२

हे सगळं २०१४ आधीच्या लोकांनी केलेल्या तेलरोख्यांचं (ऑइल बाँडचं) पाप आहे.


नवा_भिडू
२४ नोव्हेंबर, १०.३५

आणि २०१४ नंतरच्यांनी काय पुण्य केलं ते पण सांगा ना.


व्यवस्थापक
२४ नोव्हेंबर, ११.००

यापुढचे नऊ प्रतिसाद उडवले आहेत. २०१४ हे वर्ष या धाग्यावर फक्त तेलाच्या भावासाठी वापरावं.


फहाहीलचा_नागपूरकर
२४ नोव्हेंबर, २३.४०

कुवेतहून लिहितोय. मूळचा मानेवाड्याचा, इथं सतरा वर्षं झाली.

तुम्ही तिकडे तेल पडलं की पंप बघता, आम्ही इकडे तेल पडलं की एचआरचा चेहरा बघतो. आखातात नव्वद लाखांच्या आसपास भारतीय आहेत, त्यांच्या घरी पैसा जातो तो याच पिंपातून. भाव पडला की नवे प्रकल्प पुढे ढकलतात, मग कंत्राटदार, मग आम्ही. सौदीला अर्थसंकल्प जुळवायला नव्वदच्या वर भाव लागतो असा नाणेनिधीचा अंदाज आहे, भाव आहे बासष्ट. वाळवंटात आरशांची शहरं (निओम) बांधायची घोषणा झाली होती, तिथला माझा एक मित्र मार्चमध्ये सामान बांधून परत आला.

लोड डिस्पॅच सरांना एक अपवाद सांगतो. तेलापासून वीज करणारे आम्हीच! आखातात उन्हाळ्यात एसीसाठी कच्चं तेल थेट जाळतात. तरी कुवेतमध्ये गेली दोन वर्षं ठरवून वीज कापायची वेळ आली, तेलाच्या समुद्रावर बसून. म्हणून सौदी, अमिराती आता झपाट्यानं सोलर लावताहेत. पर्यावरणाची फार कळकळ आहे असं नाही. घरी जळणारं पिंप वाचलं की ते विकता येतं. म्हणजे इथे सोलर वाढलं की जगात तेल वाढतं. सांगा आता, कोण कोणाचा पर्याय!


लोड_डिस्पॅच
२५ नोव्हेंबर, ७.३०

घ्या. तीस वर्षं नोकरी करून हे मला सुचलं नव्हतं.


काटोलकर
२५ नोव्हेंबर, १३.१५

शेतातून लिहून राह्यलो, चुका पदरात घ्या.

माह्या वावरात पाच एचपीचा सौर पंप लागला, मागेल त्याला योजनेतला. दहा टक्के आपण भरायचे. भरल्यावर किती महिने वाट पाहिली ते सांगत नाही, लावणाऱ्यानं स्टँडचे नटबोल्ट ढिले ठेवले ते बी सांगत नाही, वादळात एक पॅनेल पतंगासारखं धुऱ्यावर जाऊन पडलं. असो. लागला.

आधी रातची लाइन यायची. रात्री बाराले उठून संत्र्याले पाणी. टॉर्च, काठी, आणि रानडुकराची धास्ती. आमच्या चुलतभावाले साप चावला तो अशाच पाळीत. आता सकाळी नऊले मोटर फिरते, चारले थांबते. झोप भेटते भाऊ. तुमच्या त्या क्रूडच्या हिशेबात झोपेचा भाव कुठं धरता?

पण आता डिसेंबरात आंबिया बहाराचा ताण, म्हंजे फुलं धराले संत्र्याचं पाणी बंद ठेवाचं. ताण तोडला की जानेवारीत पाणी लागते, आणि त्याच वेळेले आभाळ आलं तर पंप गप. मंग जुनं डिझेल इंजिन काढतो. विकलं नाही अजून.

आणि इथेनॉलचं कोणीच कसं बोललं नाही? माह्या मेव्हण्याची शेती सौंसरकडं, छिंदवाड्याच्या पट्ट्यात. मक्यापासून इथेनॉल, इथेनॉलले मागणी, म्हणून सगळ्याईनं मका पेरला. यंदा हमीभाव २४०० रुपये क्विंटल, बाजारात त्याच्या पुष्कळ खाली मागून राह्यले. पेट्रोलमंधी इथेनॉल वीस टक्क्यांवर नेलं म्हणते सरकार, मंग मका काहून पडला?


सीए_धरमपेठ
२५ नोव्हेंबर, १४.०५

काटोलकर दादा, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. इथेनॉल मक्याचंच होतं असं नाही. ऊस आहे, सरकारी गोदामातला तांदूळही आहे. कारखान्याला जे स्वस्त पडेल ते तो घेतो, आणि एका वर्षी भाव चढला की पुढच्या वर्षी सगळे तेच पेरतात. कांद्यासारखंच.

पण भावाची एक विसंगती बघा. मक्याच्या इथेनॉलचा खरेदी दर लिटरला ७१.८६. वर मी लिहिलं, डीलरला करांआधी पेट्रोल पडतं बावन्न-त्रेपन्नला. म्हणजे तेल एवढं उतरल्यावर पेट्रोलमध्ये मिसळतोय ती वस्तू पेट्रोलहून महाग. आणि तिच्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी. डॉलर वाचतात, शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळतं, ते मोलाचंच आहे. पण तेल शंभरवर असताना हे गणित सुटसुटीत होतं, बासष्टवर ते अडखळतं. फुटाळाकाठ, तेलाच्या पडत्या भावाचा खरा मार बसतोय तो सोलरला किंवा स्कूटरला नाही, इथेनॉलला.


तर्रीपोहे
२५ नोव्हेंबर, १४.२०

माह्या २०१६ च्या गाडीचा ॲव्हरेज सतरावरून साडेपंधरावर आला. मेकॅनिक म्हणते, "साहेब, गाडी प्यायला लागली."


जुना_मास्तर
२५ नोव्हेंबर, १८.४५

मी माझा १९८६ चा मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धा ठेवतो.

ठेवतो तो यासाठी. तेलासाठी आपण आखाताच्या तोंडाकडे बघत राहिलो. जूनमध्ये इस्राएल-इराणचे बारा दिवस आठवा, होर्मुझच्या चिंचोळ्या पाण्यातून जगाचं एक पंचमांश तेल जातं म्हणून सगळ्यांचे श्वास अडकले होते. आता पॅनेल आणि बॅटरीसाठी कुणाकडे बघणार? पॅनेल बनवायच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या वर. या एप्रिलमध्ये त्यांनी दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर परवान्याची कडी घातली, तर आपल्या स्कूटरवाल्या कंपन्यांची उत्पादनं रखडली. होर्मुझ बदललं, इतकंच.


लोड_डिस्पॅच
२५ नोव्हेंबर, १९.३०

मास्तर, एक फरक आहे. तेल बंद झालं तर आठवड्यात गाडी बंद. पॅनेल बंद झालं तर नवं बसणार नाही, बसलेलं पंचवीस वर्षं वीज देतच राहील. बुश्शर्टाचं दुकान बंद झालं म्हणून अंगातला बुश्शर्ट कोणी काढून नेत नाही.

म्हणून म्हणतो, ज्यांना बसवायचं त्यांनी बसवून घ्या. पण एक गैरसमज काढा: नागपुरात मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज मिळते असं नाही. ऊन कडक, पण पॅनेल तापून ६५-७० अंशांवर जातं. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्के घट. म्हणजे ४६ च्या दुपारी पंधरा टक्के तिथेच गेले. मार्चचा आकडा बघा आणि मेचा बघा.


फुटाळाकाठ
२५ नोव्हेंबर, २०.१०

खरंय. बाबा रोज संध्याकाळी इन्व्हर्टरचा आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लिहितात, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. आत्ता बघितलं: २१ मार्चला १४.१ युनिट, २० मेला ११.८. मेमध्ये आम्ही इन्व्हर्टर बिघडला म्हणून तक्रार नोंदवली होती.

ताई, इथेनॉलचा मुद्दा मान्य. धाग्याचं शीर्षक बदलायला हवं, पण आता राहू दे.


वाडी_ट्रान्सपोर्ट
२६ नोव्हेंबर, ६.१५

आणि डिझेलचं कोणीच उत्तर दिलं नाही.


सीए_धरमपेठ
२६ नोव्हेंबर, ९.४०

दिलं नाही कारण नाहीये, दादा. भरलेली दहा चाकी ओढायला आज परवडेल अशी बॅटरी नाही. तुमच्यापुरती ती भिंत म्हणजे भिंतच आहे, सावली नाही.


फहाहीलचा_नागपूरकर
२६ नोव्हेंबर, २२.५५

हा धागा वाचून मानेवाड्याच्या घरावर तीन किलोवॉट बसवायचं ठरवतोय. नोकरीचा भरवसा नाही, निदान बिलाचा तरी असावा. घरी आई-वडीलच असतात. वडील ७४, गुडघे गेलेत. पॅनेल धुवायचं कसं? माणूस लावावा लागतो का?


लोड_डिस्पॅच
२७ नोव्हेंबर, ६.४०

माणूस नको. बसवतानाच पॅनेलच्या वरच्या कडेला भोकं पाडलेला पाइप लावून घ्या, खाली गच्चीच्या जिन्याजवळ नळ. पंधरा दिवसांतून एकदा पाच मिनिटं सोडायचा. फक्त पहाटे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. आणि उंची सात फूट घ्या, खाली वाळवणं घालता येतात. काकूंना विचारा, त्या होच म्हणतील.


फुटाळाकाठ
२७ नोव्हेंबर, ७.०५

आणि काकांना स्टुलावर चढू देऊ नका. आमचे बाबा सांगूनही चढतात.